शटर ओढल्यावर नवे बँड कुठे शोधावेत?

पत्र : "ताई, मी उदगीरचा, वय २७. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा शनिवारी कुठे ना कुठे बँड ऐकायला जायचो. दोन वर्षांपूर्वी वडिलांचे कृषी सेवा केंद्र सांभाळायला परत आलो आणि नवीन काही कानावर पडणेच थांबले. अ‍ॅप तीच तीच गाणी फिरवून वाजवते, त्यात मधूनच आरत्या आणि बालगीते येतात. पुण्याचे मित्र फोनवर नवी नावे घेतात, त्यातले एकही मला ठाऊक नसते. इकडे राहून नव्या स्वतंत्र बँडपर्यंत पोचता येते का, की तो शहराचाच विषय आहे? या वयात असल्या गोष्टींना वेळ देणे शोभते का, असेही घरचे विचारतात. — एक श्रोता"

उत्तर :

नमस्कार.

तुम्ही जाता जाता लिहिलेले आरत्यांचे आणि बालगीतांचे वाक्य मला तुमच्या पत्रात सर्वांत कामाचे वाटले. त्यावरून असे दिसते की तुमचा फोन, निदान त्यावरचे गाण्यांचे खाते, घरात सगळ्यांच्या हाती फिरते. सकाळी कोणी आरती लावते, दुपारी एखादे लहान मूल रडायला लागले की बालगीत लागते आणि रात्री दुकानाचे शटर ओढल्यावर तुम्ही गिटार ऐकायला बसता. अ‍ॅप मुख्यतः एवढेच पाहते की या खात्यावर वाजलेली गाणी आणखी कोणाकोणाच्या खात्यावर वाजली आणि त्या लोकांनी त्याखेरीज काय ऐकले. तुमच्या घरातली तीन माणसे त्याच्या लेखी एकच श्रोता आहेत, आणि असला श्रोता दुसरीकडे कुठे सापडत नसल्यामुळे ते बिचारे सर्वांना चालेल असे, म्हणजे तेच ते, पुढे ठेवत राहते.

म्हणून पहिले काम हे घरातले आहे. शक्य असल्यास आईच्या फोनवर तिचे स्वतंत्र खाते काढून द्या. ते जमत नसेल तर स्पॉटिफायमध्ये 'प्रायव्हेट सेशन' चालू करून मगच घरच्यांना गाणी लावून द्या, किंवा त्यांच्या गाण्यांची एक प्लेलिस्ट करून ती तुमच्या आवडीच्या हिशेबातून वगळा; ही वगळण्याची सोय २०२३ पासून आहे. यूट्यूबवर हिस्टरी काही वेळापुरती थांबवता येते. आणखी एक गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, ती म्हणजे आवडलेल्या बँडच्या पानावर जाऊन 'फॉलो' दाबणे. गाण्यापुढचे चिन्ह दाबले की गाणे साठवले जाते, पण स्पॉटिफायवर दर शुक्रवारी येणारी 'रिलीज रडार' ही यादी भरते ती बरीचशी तुम्ही फॉलो केलेल्या आणि नेहमी ऐकत असलेल्या कलाकारांच्या नव्या गाण्यांनी. सोमवारी येणारी 'डिस्कव्हर वीकली' वेगळी आहे, तिच्यात जुनेही असते. तुम्हाला नवे हवे असेल तर सोमवारपेक्षा शुक्रवारकडे लक्ष ठेवा. जगभरात नवे संगीत शुक्रवारी काढण्याचा प्रघात १० जुलै २०१५ पासून पडला आहे. त्याआधी इंग्लंडात सोमवार होता, अमेरिकेत मंगळवार.

एवढे केल्याने यादी सुधारेल. तरीही एक मर्यादा राहते आणि तुमच्या खऱ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. ज्या बँडला आज जेमतेम दोनशे लोक ऐकतात, त्याच्यापर्यंत पोचायला यंत्राजवळ पुरेशा पाऊलखुणाच नसतात. कोणाचे नाव आधी थोडेफार झाले म्हणजे मग यंत्राला त्याची खबर लागते. उगवते बँड उगवत असतानाच ऐकायचे असतील तर गाण्यांच्या यादीमागे न धावता माणसांच्या नावांमागे जावे लागते : हे कोणी ध्वनिमुद्रित केले, कोणत्या लेबलने, म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपनीने, काढले, पाहुणा म्हणून कोण गायले, कार्यक्रमात यांच्या आधी कोण वाजवून गेले. गावात सोयरीक जुळवताना आपण जशी चौकशी करतो, तशीच ही चौकशी आहे, आणि त्या कामात मराठवाड्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

ही चौकशी कशी चालते ते एका उदाहरणाने सांगते. तुमचा जीव गिटारमध्ये आहे हे मला कळते, पण या उदाहरणात धागा स्पष्ट दिसतो म्हणून ते घेतले. मुंबईचा 'स्वदेसी' हा रॅप करणाऱ्यांचा गट मराठीसह अनेक भाषांत गातो. त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० मध्ये आझादी रेकॉर्ड्स या लेबलने काढला. लेबलचे नाव हाती लागले की त्याने आणखी काय काढले ते पाहायचे. आझादी हे २०१७ मध्ये दिल्लीत सुरू झालेले छोटे लेबल, आणि त्याच वर्षी त्यांनी प्रभ दीप या दिल्लीच्या पंजाबी रॅपरचा 'क्लास-सिख' काढला. त्याच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून 'सेझ ऑन द बीट' हे नाव दिसते. तेच नाव पुढच्या वर्षी 'सीधे मौत' या दिल्लीच्या जोडीच्या 'बयान'वर आहे. आणि मागे गेलात तर हेच नाव २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांच्या 'मेरे गली में'वरही सापडते, जे गाणे पुढे चित्रपटामुळे आपल्या लातूर-नांदेडच्या वरातींतही वाजले. एका मराठी ओळीपासून निघून चार टप्प्यांत आपण पाच वर्षांचा एक अख्खा प्रवाह पाहिला, आणि यातली एकही गोष्ट कोणत्याही यादीने आपल्याला सुचवलेली नव्हती. आता हाच प्रयोग तुमच्या आवडत्या गिटारवाल्या बँडवर करा.

श्रेयनामावली कुठे असते, असे तुम्ही विचाराल. स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांत ती असते. अल्बमच्या पानावर अगदी तळाशी, जिथे कोणी जात नाही, तिथे वर्तुळातले 'पी' हे अक्षर, वर्ष आणि एक नाव छापलेले असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाचा हे ती ओळ सांगते. तिथे बँडचे स्वतःचे नाव असेल तर त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढले आहे असे समजायला हरकत नाही. कधी कधी तिथे नुसता एक लांबलचक आकडा आणि त्यापुढे 'रेकॉर्ड्स डीके' असे दिसते. हे कोणतेही लेबल नव्हे. डिस्ट्रोकिड नावाच्या सेवेतर्फे गाणे चढवताना लेबलचा रकाना मोकळा सोडला की ती सेवा आपोआप असे नाव टाकते. मला तो आकडा दिसला की बरे वाटते, कारण बहुधा कोणीतरी आपल्या खोलीत बसून, कोणाला न विचारता हे केलेले असते. सगळेच चांगले असते असे मात्र मुळीच नाही.

'इंडी' या शब्दाविषयीही दोन वाक्ये लिहिते, कारण तुमचे मित्र तो कोणत्या अर्थाने वापरतात कोण जाणे. मुळात तो व्यवहाराचा शब्द आहे : ब्रिटनमध्ये १९८० च्या जानेवारीत स्वतंत्र लेबलांची वेगळी क्रमवारी सुरू झाली, ती मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर विकल्या जाणाऱ्या तबकड्यांची होती. आपल्याकडे मात्र 'चित्रपटात नाही ते इंडी' असा ढोबळ अर्थ रूढ झाला. गायक प्रतीक कुहाड यांनी २०२० मध्ये वॉर्नर समूहातल्या इलेक्ट्रा या अमेरिकी लेबलशी करार केला, तरी आपण त्यांना इंडीच म्हणतो. शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नाही, पण शोधताना नुसते 'इंडी' टाइप केलेत तर जे समोर येते ते आधीच प्रसिद्ध असते. त्याऐवजी गावाचे नाव आणि प्रकार टाका : 'शिलाँग ब्लूज', 'कोची फोक', 'दिल्ली शूगेझ'.

या कामाला मला सर्वांत उपयोगी पडलेली जागा म्हणजे बँडकॅम्प. तिथे कलाकार आपले संगीत थेट विकतो, विकत न घेताही बहुतेक अल्बम पूर्ण ऐकता येतात, आणि प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रे ओळीने लावलेली असतात. त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवले की त्या माणसाने आजवर विकत घेतलेले सगळे संगीत उघडते. पैसे देऊन घेतलेले, हे ध्यानात घ्या. फुकट वाजवलेल्या हजार गाण्यांपेक्षा एखाद्याने खिशात हात घालून घेतलेल्या चाळीस अल्बमांवरून त्याची आवड जास्त कळते. मला असा एक अनोळखी संग्रह सापडला होता. त्याची आणि माझी सहा अल्बमांची आवड जुळत होती, म्हणून उरलेले मी दोन महिने एकेक करून ऐकत गेले आणि त्यातले निम्मे तरी आज माझ्याकडे आहेत.

विकत घेताना एक अडचण येईल. कार्ड नाकारले गेले तर बँडकॅम्पला दोष देण्याआधी तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात आणि ग्राहकाने स्वतः चालू करावे लागतात. चालू करा, मर्यादा पाचशे-हजाराची ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प ठेवते, व्यवहाराचे शुल्क निराळे, बाकीचे कलाकाराकडे जाते. याच्या शेजारी स्पॉटिफायचा नियम ठेवून पाहा : २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. नव्या बँडची बहुतेक गाणी या हजारांच्या आतच घुटमळत असतात. म्हणून आवडले तर शंभर-दोनशे रुपयांना घ्यावे, एवढेच माझे म्हणणे. दुकानदाराला नगदीचे महत्त्व मी काय सांगावे?

आता प्रमाणाविषयी, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. काही वर्षांपूर्वी मी ठरवले की दर आठवड्याला चाळीस नवे अल्बम ऐकायचे. स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोपताना, सतत काहीतरी चालू असे. वर्ष सरले तेव्हा वहीत दोन हजारांच्या आसपास नावे होती, आणि कोणी त्यातल्या एखाद्याची चाल गुणगुणायला सांगितली असती तर मला एकही आली नसती. आता मी शुक्रवारी रात्री तासभर बसते, सहा-सात गोष्टींची पहिली दोन-दोन गाणी ऐकते, त्यातली एक निवडते आणि आठवडाभर तेवढीच ऐकते. पहिल्या ऐकण्यात न आवडलेले तिसऱ्या ऐकण्यात आवडल्याचे अनुभव मला पुष्कळ आहेत, आणि याच्या उलटे त्याहून जास्त. वहीत तारीख, नाव, लेबल आणि 'कोणामुळे कळले' असे चार रकाने ठेवा. शेवटचा रकाना सोडू नका. सहा महिन्यांनी तो वाचलात की तुम्हाला कोणाच्या शिफारशी लागू पडतात आणि कोणाच्या नाहीत ते आपोआप दिसेल.

कारण अखेरीस चार-दोन विश्वासाची माणसे लागतातच. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ पर्यंत हे काम केले. लोक टपालाने पाठवलेल्या टेप ते ऐकत, आणि आवडलेले, कितीही अनोळखी असले तरी, वाजवत. आपल्याकडे १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल' या मासिकाने बरीच वर्षे तसेच काम केले, आणि ते निघाले कुठून ते पाहा, मुंबई-दिल्लीहून नव्हे. आज सिॲटलच्या केईएक्सपी या रेडिओची स्टुडिओतली सत्रे आणि एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओची २००८ पासून चालू असलेली 'टायनी डेस्क' मालिका यूट्यूबवर फुकट पाहता येते. तिथे वाजवणे म्हणजे बँडचे थोडे नाव झालेलेच असते, पण त्यांनी सांगितलेल्या आवडी-निवडींतून पुढचा धागा मिळतो. महोत्सवांच्या जाहिरातीही वाचायला शिका. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर किंवा अरुणाचलातला २०१२ पासूनचा झिरो महोत्सव यांच्या जुन्या भित्तिपत्रकांवर तळाच्या ओळीत बारीक टाइपात छापलेली नावे पाहा. वरची तीन नावे सोडून द्या, ती तुम्हाला ठाऊकच आहेत. खालची ओळ एकेक करून ऐकायची. तिकीट नाही, प्रवास नाही, एका भित्तिपत्रकात महिनाभर पुरेल इतके निघते.

पुण्याच्या मित्रांविषयी तुमच्या पत्रात जरा खंत दिसली. त्यांना 'नवीन काय?' असे विचारू नका, त्यावर कोणीही सुचेल ते नाव सांगतो. 'गेल्या महिन्यात तू एकच अल्बम पुन्हा पुन्हा कोणता लावलास?' असे विचारा. पुष्कळदा पलीकडे शांतता पसरते.

'तो शहराचाच विषय आहे का' याचे उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण तुमच्या आजूबाजूला जे आहे ते तुम्ही मोजलेलेच नाही असे मला वाटते. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर मराठवाड्यात किती नवी भीमगीते निघतात ते पाहिले आहे का? शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या स्टुडिओत भाड्याने वेळ घेऊन केलेले ध्वनिमुद्रण, स्वतःचीच यूट्यूब वाहिनी, आणि मागे कोणतीही मोठी कंपनी नाही. स्वतंत्र संगीत याहून वेगळे काय असते? ढोलकीच्या जागी ड्रम मशीन आणि हार्मोनियमच्या जागी सिंथ घेऊन त्यातले काही तरुण जे करत आहेत ते दिल्लीच्या कोणत्याही बँडच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी एकदा उभे राहा. पुस्तकांच्या दुकानांच्या मधूनमधून गाणी वाजत असतात. कोणते वाजते आहे ते विक्रेत्याला विचारा आणि नाव वहीत लिहा. तुमच्या अ‍ॅपला यातले फारच थोडे ठाऊक असेल.

दुसरी जागा युवक महोत्सवांची. तुमचा लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. तिथल्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगायन आणि लोकवाद्यवृंद अशा स्पर्धा असतात, आणि त्यांसाठी एकत्र आलेली पाच-सहा मुले पुढे कधी कधी एकत्रच राहतात. उदगीरच्या महाविद्यालयातल्या सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना भेटून महोत्सव कधी, कुठे आणि बाहेरच्यांना बसता येते का एवढे विचारून ठेवा. यातून उत्तम बँड हमखास सापडेल असे आश्वासन मी देत नाही. बहुतेक वेळा बेसूर कोरस आणि बिघडलेला माइक पदरी पडतो. मी स्वतः अशा एका कार्यक्रमात तीन तास काढले आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन मुलींनी संबळ आणि गिटारवर एक गोंधळ असा काही म्हटला की मी परतीची बस चुकवली.

आणि प्रत्यक्ष बँड ऐकायला जायचे झाले तर पुण्याचा हट्ट सोडा. उदगीर विकाराबाद-परळी रेल्वेमार्गावर आहे आणि तुम्हाला हैदराबाद पुण्याच्या निम्म्या अंतरावर पडते. १९५६ पर्यंत आपली मंडळी कोर्ट-कचेरीपासून लग्नाच्या शेल्यापर्यंत सगळ्यासाठी तिकडेच जात होती. वर्षातून दोनदा खत-बियाण्यांच्या कामासाठी तुम्ही तिकडे जातच असाल. तारीख ठरवण्याआधी त्या आठवड्यात तिथे कोण वाजवणार आहे ते तिकिटांच्या अ‍ॅपवर पाहा, आणि मुख्य बँडच्या आधी कोण आहे तेही.

घरच्यांच्या शेऱ्याविषयी फार लिहीत नाही. शुक्रवारचा एक तास आणि महिन्याला दोनशे रुपये, एवढा हिशेब त्यांना दाखवा. भजनी मंडळात रात्र जागवणाऱ्याला कोणी वय विचारत नाही.

शेवटी एक काम तुम्हाला आजच करता येईल. गेल्या वर्षभरात मनापासून आवडलेल्या एखाद्या छोट्या बँडला चार ओळींचा निरोप पाठवा. 'तुमचे संगीत छान आहे' असे मोघम न लिहिता कोणते गाणे, त्यातला कोणता भाग आणि तुम्ही तो कुठे बसून ऐकलात ते लिहा. उदगीरच्या कृषी सेवा केंद्रात, युरियाच्या पोत्यांना टेकून, हे वाचून त्यांना आनंद होईल. खाली एकच प्रश्न विचारा : तुमच्याबरोबर वाजवणाऱ्यांपैकी, अजून कोणाला फारसे ठाऊक नसलेले असे कोण आम्ही ऐकावे? उत्तराला आठ-दहा दिवस लागले तर मनाला लावून घेऊ नका. त्यातले बहुतेक जण दिवसा नोकरी करतात.